मारुतरावांची लॉरी

टांग्यात पुढे जागा रिकामी असताना मुद्दाम मागे जाऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पुढे बसलं की वारा लागतो, रस्ता दिसतो, ओळखीचं कुणी भेटलं तर रामराम घालता येतो. मागे बसलं की नुसती मागे पडत जाणारी धूळ. मारुतरावांना तीच लागायची. घोड्याकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून ते मागच्या फळीवर बसत, एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे, एकदा वर आभाळात, आणि मग टांगेवाल्याला दणदणीत आवाजात सांगत, "मागं काय न्हाय. चला!" तोवर टांगा हलायचा नाही. हललाच तर मारुतराव खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून बसत. मंगळवार पेठेतल्या सगळ्या टांगेवाल्यांना हे पाठ झालं होतं, आणि मला वाटतं, त्यांच्या घोड्यांनासुद्धा.

लढाई संपत आली होती तेव्हा मी लग्न होऊन मिरजेहून कोल्हापुरात आले. तिथे अजून महाराजांचं राज्य होतं. आमचे 'हे' एका शाळेत मास्तर होते आणि मंगळवार पेठेत आम्हाला दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं होतं. शेजार सोनाक्कांचा. भिंतीला भिंत आणि परसू एकच. सोनाक्का म्हणजे मारुतरावांच्या आई. उंच, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की त्यांनी परसात "म्हशीला पानी दावलं का?" असं विचारलं की आमच्या घरात हातातला पेला खाली ठेवून हे "हो" म्हणायचे. आमच्याकडे म्हैस नव्हती.

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असं पुरुषासारखं बोलतात हे मला मिरजेत कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सोनाक्का दारात येऊन म्हणाल्या, "मी जेवलो, तू जेवलास का?" तर जेवलेले गृहस्थ कोण म्हणून मी त्यांच्या पाठीमागे बघत राहिले. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मी 'मिरजेची'च राहिले.

मारुतराव लढाईवरून परत आले ते मी आल्यावर काही महिन्यांनी. सगळी पेठ तालमीपाशी जमली होती. टांगा आला तेव्हा लोकांना आधी घोडा दिसला, मग टांगेवाला दिसला, आणि वीर काही दिसेना. तो मागे, घोड्याकडे पाठ करून बसला होता. टांगा थांबल्यावर उतरला आणि समोर आई दिसताच गर्दीतून वाट काढत जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं. सोनाक्कांनी त्याला उठवलं, वरून खाली बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाय बघू."

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पेठेतल्या इतर सगळ्यांना कळला होता. कारण मारुतराव लढाईत कुठे होते हे तालमीत आलेल्या त्यांच्या पत्रांवरून अख्ख्या पेठेला माहीत होतं आणि ते सोनाक्कांना कळू द्यायचं नाही, हेही अख्ख्या पेठेनं ठरवलं होतं.

त्याचं असं होतं. मारुतरावांचे वडील गवंडी. मारुतराव लहान असताना एका उंच इमारतीच्या परांचीवरून पाय सुटून ते पडले आणि गेले. तेव्हापासून सोनाक्कांच्या घरात वर जाणं बंद. पोरानं झाडावर चढायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही, तालमीत मल्लखांब करायचा नाही. कुस्ती चालेल, कारण कुस्तीत माणूस पडला तरी मातीवरच पडतो. मारुतराव मोठे होऊन एका मोटारीच्या कारखान्यात कामाला लागले, मग लढाई आली, भरतीवाले आले आणि हे जायला निघाले. तेव्हा सोनाक्कांनी त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली. "लढाईला जायाचं तर जा. पर पाय मातीवरनं सुटता कामा न्हाय. सुटला तर मी मेलो म्हणून समज."

मारुतराव म्हणाले, "लारी दुरुस्त कराय चाललोय आये. लारीचं पाय मातीवरच असत्यात की."

ते खरं म्हणजे विमानं दुरुस्त करायला चालले होते. पण जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाखाली शिरून नट आवळायचे, तर त्यात शपथ कुठे मोडते? तिथवर सगळं ठीक होतं. पुढे ब्रह्मदेशाच्या बाजूला, जंगलातल्या एका धावपट्टीवर, एका विमानाचा मशीनगनवाला हिवतापानं आडवा झाला. मारुतरावांना मशीनगन उघडता येत होती, साफ करता येत होती, जोडता येत होती. "आजच्या दिवस बसतोस का?" असं कुणीतरी विचारलं. त्या आजच्या दिवसाचं पुढे लढाई संपेपर्यंत झालं.

ते दोन माणसांचं बाँबफेकी विमान होतं. पुढे चालवायला एक सरदारजी साहेब आणि मागे मशीनगन धरून मारुतराव, पाठीला पाठ. साहेब पुढचं बघणार, मारुतराव मागचं. मागून जपानी विमान आलं तर ते फक्त मारुतरावांना दिसणार. हवेत असताना त्यांनी साहेबाचं तोंड कधी पाहिलं नाही, कानाला लावलेल्या यंत्रातून नुसता आवाज. साहेब दर थोड्या वेळानं विचारायचा, "मारुती, पीछे?" आणि हे सांगायचे, "मागं काय न्हाय, साहेब. चला." साहेबाला सबंध मराठी भाषेतलं तेवढं एक वाक्य यायला लागलं होतं.

हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं ते सोनाक्का बाजारात गेल्यावर, आमच्या स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन. तरी बाहेर ऐकू जायचं. इंजिनाच्या आवाजानं मारुतरावांचे कान निकामी झाले होते आणि त्यांना हळू बोलता येत नसे. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं हा काही आजार नव्हे, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं हे कळायला आम्हाला फार दिवस लागले. गुपित सांगायचं झालं की ते तोंडापुढे हात धरत आणि हातामागून ओरडत.

पण माणूस लढाईवरून आला आहे, पाच-पंचवीस मरणं चुकवून आला आहे, आणि आईला त्यातलं काहीच सांगायचं नाही, हे कसं जमावं? संध्याकाळी परसात सोनाक्का शेंगा फोडत बसल्या की मारुतरावांच्या तोंडाला खाज सुटायची. मग त्यांनी तोड काढली. विमान म्हणायचं नाही, लारी म्हणायचं.

"आये, एकदा काय झालं, साहेबानं लारी घातली उतारावर. असा उतार, असा उतार, मागं बसलेल्याला नुसतं आभाळ दिसाय लागलं."

"फोंड्याच्या घाटागत?" सोनाक्का विचारत.

"त्याच्यापेक्षा जरा जास्त."

"मग ब्रेक न्हाय मारला व्हय साहेबानं?"

"मारला की. पार खाली गेल्यावर मारला. तवर आमी खालच्या लोकांवर... म्हंजे तितं जरा सामान टाकायचं हुतं, ते टाकलं."

"चालत्या लारीतनं सामान टाकलासा? फुटलं असंल की."

"फुटलं," मारुतराव म्हणत. "लई फुटलं."

मारुतरावांची बायको कमळा तेव्हा चुलीपाशी असायची. ती पदराचा बोळा तोंडात धरून सगळं अंग हलवत बसायची. आमचे हे भिंतीपलीकडे मुलांच्या वह्या तपासता तपासता हसून लाल शाईचे डाग पाडायचे. सोनाक्का मात्र शेंग फोडत गंभीरपणे पुढचा प्रश्न विचारत. लारीत मागं तोंड करून का बसायचं? मागनं येणाऱ्या गाड्या बघाय. त्यांना वाट द्याय? "न्हाय आये, वाट द्यायची न्हाय, तीच तर नोकरी हुती." एकदा त्यांनी विचारलं, "लारीत ढग लागत्यात व्हय रं?" कारण मारुतराव बोलण्याच्या भरात ढगात शिरलो असं म्हणून गेले होते. मारुतरावांनी सांगितलं की तिकडे धुकं असतंच तसं.

पेठेत हा नियमच झाला. सोनाक्का जवळ असतील तर विमानाला लॉरी म्हणायचं. आभाळातून खरंखुरं विमान गेलं आणि पोरं ओरडत धावली तर शेजारच्या बाया त्यांना धपाटे घालून गप्प करत. एकदा तर कुणीतरी गडबडीत वर बोट दाखवून "लारी चालली, लारी!" असं ओरडलं होतं. सोनाक्कांनी वर बघितलंच नाही.

आता शपथेचं काय, असं आमच्या ह्यांनी एकदा मारुतरावांना विचारलं. मास्तर माणूस, त्यांना राहवेना. "मारुतराव, शपथ तर मोडली तुम्ही."

मारुतराव एकदम दुखावले. "मोडली? कोन म्हणतंय? मास्तर, पाय मातीवरच हुतं माझं."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. कोल्हापूरचा पैलवान परमुलखात कुस्तीला गेला की आपल्या आखाड्यातली चिमूटभर तांबडी माती पुडीत बांधून नेतो आणि उतरायच्या आधी कपाळाला लावतो. मारुतराव निघाले तेव्हा तालमीच्या वस्तादांनी त्यांना चिमूट नव्हे, चांगली पिशवीभर माती दिली होती, लढाई मोठी आहे म्हणून. पहिल्यांदा विमानात चढायची वेळ आली तेव्हा मारुतरावांनी ती पिशवी सोडली, अर्धी माती उजव्या बुटात ओतली, अर्धी डाव्यात, आणि वर पाय घालून नाड्या आवळल्या. सगळी लढाई त्यांनी तशी केली. वर कितीही गेले तरी पाय मंगळवार पेठेच्या मातीवर.

"सुटला का पाय? तुमीच सांगा."

हे त्यांच्या पायांकडे बघायला लागले. मला तर हसावं की त्यांच्या पाया पडावं ते कळेना.

ती माती साधी नसते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं. ब्रह्मदेशच्या दमट हवेत, बुटातल्या घामात तिचा चिखल व्हायचा. तळव्यांना खाज सुटायची, वास यायचा. एकदा विमानाला खालून गोळ्या लागल्या आणि एक गोळी मारुतरावांच्या डाव्या बुटाचा टाचेकडचा भाग फाडून गेली. पायाला ओरखडासुद्धा नाही. पण विमान उतरल्यावर शिपाई धावत आले तर बुटातून लाल लाल काहीतरी गळतंय. एकच ओरडा झाला. मारुतरावांना उचलून झोळीत घातलं. ते ओरडून सांगताहेत की मला काही झालेलं नाही, तर सगळ्यांना वाटलं की भ्रम झाला. डॉक्टरनं कात्रीनं बूट कापला. आतून तांबड्या चिखलाचा गोळा पडला आणि कापराचा वास सुटला.

"व्हॉट इज धिस?" डॉक्टरनं विचारलं.

मारुतराव झोळीतच ताठ होऊन म्हणाले, "कोल्हापूर, साहेब."

डॉक्टरनं त्यांना पाय धुवायचं औषध दिलं. सरदारजी साहेबानं मात्र सगळं नीट विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विमानात चढायच्या आधी आपला बूट काढून पुढे केला. "मारुती, थोडा कोल्हापूर इधर भी."

लढाईनंतर मारुतराव कागलला जाणाऱ्या एका खाजगी मोटारीवर कंडक्टर झाले. तिथेही ते शेवटच्या बाकावर उलटं तोंड करून, मागच्या काचेतून बघत बसायचे. ड्रायव्हरला ते साहेब म्हणत. आता ज्याची नजर कायम मागे, त्याला मागून धावत येणारा माणूस दिसणारच. आणि दिसला की मारुतराव ओरडणार, "साहेब, मागनं येतंय कोनतरी! थांबा!" मग मोटार थांबणार, तो माणूस धापा टाकत येणार, चढणार, मोटार निघणार आणि पुन्हा लांब शेताच्या बांधावर कुणीतरी हात हलवताना मारुतरावांना दिसणार. ही मोटार कागलला वेळेवर पोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मालक रागावला की मारुतराव म्हणत, "मालक, मागं मानूस दिसत असताना चला म्हणाय माझ्या तोंडाला ईत न्हाय."

एकदा मीच त्या मोटारीत होते. कागलला एका बारशाला चालले होते. वाटेत एक शेतकरी पटका सावरत जिवाच्या आकांतानं मागे धावत आला. मोटार थांबली. तो आला, पण चढेना.

"चढा की पावणं!"

"मला न्हाय यायचं," तो धापा टाकत म्हणाला. "माझं रेडकू सुटलंय, ते पळालंय पुढं."

"मग बसा की. आमीबी पुढंच चाललोय."

त्याला बसवलं आणि मोटार रेडकामागे निघाली. रेडकू मोटारीला भिऊन आणखी जोरात पळायला लागलं. सगळे उतारू खिडक्यांतून डोकी काढून ड्रायव्हरला सल्ले देत होते. फक्त मारुतराव मागे बघत बसले होते. रेडकू धरलं गेलं तेव्हा कागल आलं होतं. बारसं होऊन पोराचं नाव ठेवून झालं होतं. मी नुसत्या घुगऱ्या खाऊन परतले.

आणि हाच माणूस घरात मात्र स्टुलावर चढू शकत नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या घराची कौलं सरकली तेव्हा सोनाक्का मारुतरावांचा सदरा मागून मुठीत धरून उभ्या राहिल्या आणि भिंतीवरून आमच्या ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, तेवढं वर चढून बगा की. आमच्या मारत्याला वरचं जमत न्हाय." आमचे हे शाळेत फळ्याच्या वरच्या टोकाला लिहितानासुद्धा टेबलाला धरायचे. पण नाही कसं म्हणणार? ते चढले. डोळे अर्धे मिटून कौलावर पालथे पडले. खालून मारुतराव सूचना देत होते आणि सोनाक्का त्यांना दटावत होत्या, "तू गप रं. तुला काय कळतंय वरचं?" त्यावर मारुतरावांचा जो चेहरा झाला तो मला अजून दिसतो. हे खाली आले ते एक कौल फोडून आणि घाम पुसत. त्या रात्री आमच्याकडे सोनाक्कांनी मटणाचं ताट पाठवलं.

सत्काराची गोष्ट तर सांगायलाच हवी. शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी लढाईवरून परतलेल्या जवानांचा सत्कार ठरवला. मांडव घातला, दरबारातून फेटे आले. एकेका जवानाचं नाव, त्यानं केलेली कामगिरी वाचून दाखवायची, आणि मग फेटा बांधायचा. सोनाक्का पहिल्या रांगेत बसणार हे उघडच होतं. मारुतरावांचं जेवण सुटलं. सत्कार नको म्हणावं तर आई विचारणार का नको. जावं तर तिच्यासमोर सगळं वाचून दाखवणार. "वैनी, शपथ तिच्या डोक्याची हाय," ते मला म्हणाले. "बुटातली माती मला पटती, तिला पटंल का? तिला वाटलं मोडली, तर ती हाय खाऊन मरंल. मी विमानातनं वाचलो ते काय हिला मारायला?" हसणारा माणूस होता, पण हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

यातून वाट काढली ती वस्तादांनी. ते म्हणाले, "मी बघतो."

सत्काराच्या दिवशी मांडवाच्या कडेला तालमीची पोरं हलगी, घुमकं आणि कैताळ अशी वाद्यं घेऊन उभी. एकेकाचं नाव वाचलं जात होतं, टाळ्या पडत होत्या. मारुतरावांचं नाव आलं. चष्मेवाले एक वृद्ध गृहस्थ कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "यांनी हवाई—" आणि हलगी कडाडली. गृहस्थ थांबले. हलगी थांबली. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, "यांनी हवाई—" पुन्हा हलगी, बरोबर घुमकं. ते रागानं बघायला लागले. वस्ताद हात जोडून गोड हसले. तिसऱ्यांदा गृहस्थ ओरडून वाचायला लागले तर पोरांनी अशी हलगी वाजवली की मांडवातली चार माणसं उठून नाचायला लागली. शेवटी कागद खिशात गेला आणि फेटा डोक्यावर गेला. या माणसानं लढाईत नेमकं काय केलं ते अख्ख्या मांडवाला कळलं नाही. त्यामुळे सांगण्यासारखं नसलेलं काहीतरी भयंकर मोठं केलं असणार, अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

सोनाक्का घरी येताना मला म्हणाल्या, "बघितलास, मिरजेचे? बाकीच्यांच्या नावाला नुसत्या टाळ्या. माझ्या लेकाच्या नावाला हलगी."

संस्थान विलीन व्हायच्या आधीचा हिवाळा असेल. दिवाळीनंतर सोनाक्का आजारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. छातीत कफ, अंगात ताकद नाही. आवाज तेवढा शाबूत होता. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि वर आढ्याकडे बघत राहिल्या. स्वतःसाठी जन्मात कशाला न भ्यालेल्या त्या बाईच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा भीती बघितली.

"मारत्याला बोलव," त्या म्हणाल्या.

मारुतराव येऊन उशाशी बसले. कमळा चुलीपाशी होती.

"मारत्या, वर लई भ्या वाटतंय व्हय रं?"

"कुठं वर, आये?"

"जितनं तू बाँब टाकत हुतास तितं."

कमळाच्या हातातली पळी थांबली. मारुतरावांना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना ऐकू आलं होतं. "कोन म्हणलं? मी तर लारी—"

"चुलीत घाल तुझी लारी! फोंड्याचा घाट मी बैलगाडीनं उतरलोय. मागल्या मानसाला नुसतं आभाळ दिसंल असा रस्ता कुठल्या मुलखात असतोय? निम्म्या पेठेच्या बायकांनी मला कानात येऊन सांगितलंय, वर आणि कुणाला सांगू नगंस म्हणून. वस्तादाच्या बायकूनं तर हलगीच्या दिवशीच सांगितलं."

"मग तू बोलली का न्हाईस?" मारुतरावांचा आवाज पहिल्यांदाच हळू आला.

"मी बोललो असतो तर शपथ मोडली असती. मला ठावंच न्हाय म्हटल्यावर मोडतीया कशी?"

"मोडली न्हायच, आये," मारुतराव म्हणाले आणि त्यांनी बुटांची गोष्ट सांगितली. पहिल्या दिवसापासून, डॉक्टरपर्यंत, साहेबाच्या बुटापर्यंत. सोनाक्का ऐकत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. मारुतरावांच्या डोक्यात त्यांनी एक अशक्त टपली मारली. "गाढवा! तुझ्या बापाला हे सुचलं असतं तर."

हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "आता खरं सांग. मी कवा माळ्यावरबी चढलो न्हाय. आता एकदम वरच जायाचं. भ्या वाटतंय का?"

मारुतरावांनी त्यांचा हात हातात घेतला. "वाटतंय. चाकं जमीन सोडत्यात तवा पोटात खड्डा पडतोय. कशाला धरावं कळत न्हाय. मग जरा वर गेलं की खालचं समदं बारीक हुतंय. घरं, नदी, भांडणं, समदं. मग भ्या वाटत न्हाय. नुसतं गार वाटतंय."

"शाल घेऊन जातो मग," सोनाक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर जाताना जीव मागं अडकतोय रं. तुमी हितं, म्हस हितं. जानाऱ्यानं मागं बघू नये म्हणत्यात."

"तू पुढं बघ. मागचं मी बघतो. माझं कामच हाय ते."

सोनाक्कांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "ती माती मलाबी लाव."

मारुतराव तसेच उठून तालमीत गेले आणि पंच्याच्या पदरात माती घेऊन आले. पायांशी बसून त्यांनी ती दोन्ही तळव्यांना स्वतःच्या हातानं चोळली. "हळू रं," सोनाक्का म्हणत होत्या, "गुदगुल्या हुत्यात."

पुढे दोनेक दिवसांनी, सकाळी, त्या गेल्या. आंघोळ घालताना एक म्हातारी त्यांचे तळवे घासायला लागली तर कमळानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे ती माती," एवढंच म्हणाली. मी पाय सोडून बाकीच्या अंगावर पाणी घातलं.

सगळी पेठ गोळा झाली होती. पुढे विस्तवाचं मडकं घेऊन मारुतराव, मागे वस्ताद आणि तालमीच्या पोरांच्या खांद्यावर सोनाक्का, पाय पुढे करून. मी दारात उभी होते. तालमीच्या कोपऱ्याशी, म्हणजे आमच्यापासून चार घरं पलीकडे, मारुतराव थांबले आणि वळून मागे बघायला लागले. कागलहून आलेले त्यांचे मामा घाईनं म्हणाले, "मारुती, मागं बघू नगंस. पुढं बघ."

मारुतरावांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू गेलं नाही. ते आईच्या तांबड्या तळव्यांकडे बघत उभे होते. मग त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, एकदा वर आभाळात. आवाज फाटला होता, पण माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

"मागं काय न्हाय, आये. चल."

मग त्यांनी मडकं सावरलं आणि तोंड पुढे करून चालू लागले.